सोबतीण गेली, बंटी गप्प झाला : रस्त्यावरची कुत्री घरी आणावी का?

गिरणाकाठची
नमस्कार मंडळी. आम्ही जळगावचे. घरात मी, नवरा, सासूबाई आणि बंटी. बंटी सात वर्षांचा पिवळा लॅब्रॅडॉर, वजन विचारू नका. तो आला तेव्हा घरात चिंगी आधीपासून होती. पामेरियन, त्याच्या पाव आकाराची, पण घर तिचं होतं. याने तिच्या ताटलीकडे नुसतं पाहिलं तरी ती दात दाखवायची आणि हा धिप्पाड गडी सोफ्यामागे. दिवाळीच्या आधी चिंगी गेली. वय झालं होतं.

तेव्हापासून बंटीचं काही खरं नाही. जेवण निम्म्यावर आलंय. फिरायला काढला तर कोपऱ्यापर्यंत जातो आणि बसकण मारतो. पूर्वी कुरियरवाला आला की गल्ली डोक्यावर घ्यायचा, आता मान वर करून बघतो आणि परत खाली ठेवतो. मी शाळेत, नवरा दुकानात, सासूबाईंची दुपारची झोप. दिवसाचा बराच वेळ तो एकटाच.

आमच्या कॉलनीत एक ताई भटक्या कुत्र्यांचं बघतात. त्यांच्याकडे दीड-दोन वर्षांची गावठी कुत्री आहे. ट्रकखाली मागचा एक पाय गेला, काढून टाकावा लागला. आता ठणठणीत आहे. नसबंदी झालीय, रेबीजची लस झालीय. रंगावरून सगळे तिला तांबडी म्हणतात. ताई म्हणतात घेऊन जा, बंटीला सोबत होईल.

सासूबाई म्हणतात, एकाचे केस झाडून कंबर गेली, आता दुसरी कशाला? नवरा म्हणतो, आणायचीच तर लॅब आणू, तीन पायांची कुत्री बघून लोक काय म्हणतील. मला आणावीशी वाटते आणि भीतीही वाटते. ज्यांनी असं केलंय त्यांनी सांगा.

वरणबट्टी
आणा. विषय संपला.

खळ्यातला_खंड्या
आमना गाव मा कुत्राले कोण इचारस भो! तोच येस, ओट्यावर बसस, आन् आठ दिवसमा घर त्यानं व्हई जास. तुम्ही एवढा लांब धागा काढा म्हणजे कमालच शे.

पांझराकाठ
धुळ्याहून. ताई, माझा अनुभव उलटा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडे डॉबरमन मादी होती. मुलगा शिकायला बाहेर गेला आणि ती दिवसभर फाटकाशी बसून राहायला लागली. आम्हाला वाटलं हिला जोडीदार हवा. साक्री रोडला सापडलेलं एक पिल्लू घरी आणलं, तेही मादी. सुरुवातीचे महिने असे गेले की दृष्ट लागावी. दोघी एकाच पोत्यावर झोपायच्या. पिल्लू वयात आलं आणि एका संध्याकाळी पोळीच्या तुकड्यावरून जुंपली. सोडवताना बायकोच्या हाताला टाके पडले. त्यानंतर रक्त निघाल्याशिवाय भांडण थांबत नसे. शेवटी एक आत असेल तेव्हा दुसरी बाहेर, अशी पाळी लावली. घरात कोणीही कडी काढायच्या आधी ओरडून विचारायचं, "आत कोणती आहे?" पाहुणे घाबरायचे.

नंतर समजलं की एका घरात दोन माद्या असल्या तर अशी भांडणं जास्त होतात आणि मिटतही लवकर नाहीत. नर-मादी जोडी त्यातल्या त्यात सोपी. तुमच्याकडे बंटी नर आहे आणि तांबडीची नसबंदी झालीय, म्हणजे हा एक काटा निघाला. पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. आमची डॉबरमन मुलासाठी झुरत होती. तिला दुसरी कुत्री नकोच होती.

अमळनेरची_पुण्यात
पांझराकाठ, अगदी हेच.

आई-बाबा अमळनेरला, मी पुण्यात. घरचा कुत्रा बाबा बाहेर गेले की रडायचा. शेजाऱ्यांनी तक्रार केली. मी लगेच "दुसरा आणा" म्हणून मागे लागले. आमच्या एका मैत्रिणीने शहाणपणाचा सल्ला दिला: आधी मोबाइल खिडकीत ठेवून बाहेर जा आणि रेकॉर्ड करा. मग काकांचा कुत्रा तासाभरासाठी आणा, दोघांना घरात ठेवून पुन्हा तेच करा. केलं. पहिल्या व्हिडिओत आमचा एकटा रडतोय. दुसऱ्यात आमचा रडतोय आणि काकांचा शांतपणे आमच्याच बिस्किटांचा डबा पाडून खातोय.

म्हणजे त्याला कुत्र्याची उणीव नव्हती, माणसाची होती. मग दुसरा आणून काय होणार? फार तर दुसराही रडायला शिकणार. तो प्रश्न बाबांनी थोडं थोडं बाहेर जाऊन, दाराशी निरोपाचा सोहळा बंद करून सोडवला. चावी उचलायची, परत ठेवायची, चहा प्यायचा. बाबा निवृत्त आहेत, त्यांना वेळच वेळ.

ताई, तुमचा बंटी आयुष्यभर चिंगीसोबत राहिलाय, त्यामुळे त्याचं वेगळं असू शकेल. पण रस्त्यात, गच्चीवरून दुसरं कुत्रं दिसलं की त्याचे कान टवकारतात का? शेपूट हलते का? ते आधी बघा.

जामनेरची_मांजरवाली
मांजर आणा. मांजर कोणाची सोबत करत नाही, त्यामुळे अपेक्षाभंग होत नाही.

वरणबट्टी
मांजरवाली ताई, तुम्ही प्रत्येक धाग्यावर मांजर आणता. परवा पाण्याच्या टाकीच्या धाग्यावरसुद्धा!

जामनेरची_मांजरवाली
टाकीत उंदीर पडला होता. तिथे मांजर हेच उत्तर होतं.

निवृत्त_पशुधन
मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण वाचताना दोन ठिकाणी अडखळलो.

जेवण कमी, चालायला नको, आवाज आला तरी उठत नाही. तुम्ही याला दुःख म्हणता. असेलही. 2022 साली इटलीत एक अभ्यास झाला होता. ज्यांच्या घरातल्या दोन किंवा जास्त कुत्र्यांपैकी एक गेलं अशा 426 मालकांना विचारलं, तर 86 टक्के लोक म्हणाले की मागे राहिलेल्याचं वागणं बदललं. खेळणं कमी, खाणं कमी, झोप जास्त. त्यामुळे कुत्र्याला काही कळत नाही असं मी म्हणणार नाही. पण ही माहिती मालकांनी सांगितलेली होती, आणि मालक स्वतः किती दुःखी आहे याचाही त्या उत्तरांशी संबंध दिसला होता.

आणि हीच सगळी लक्षणं आजाराचीही आहेत. सात वर्षांचा जाड लॅब्रॅडॉर कोपऱ्यावर बसकण मारतो तेव्हा मला पहिल्यांदा त्याची कंबर आठवते. या जातीत खुब्याच्या सांध्याचा त्रास पुष्कळ. मग थायरॉइड. मग दात: दाढ दुखत असेल तर खाणं अर्ध्यावर येतंच. आणि आपल्या भागात सगळ्यांच्या आधी विचारायचं ते गोचीड. चिंगीच्या अंगावर शेवटी शेवटी गोचिड्या झाल्या होत्या का?

गोचीड तापात कुत्रं तडफडत नाही. ते मलूल होतं. अंगात बारीक ताप राहतो, वजन उतरतं, रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात, कधी नाकातून रक्त येतं. काही कुत्र्यांत हा आजार महिनोन् महिने दबून राहतो आणि नंतर वर येतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, त्यामुळे हात लावून ताप कळत नाही, थर्मामीटरच लागतो, आणि तो कुठे लावायचा ते माहीत असेलच.

रक्त तपासा. मग सोबतीचं बघू.

खळ्यातला_खंड्या
काका, थर्मामीटर लावाले बंटी धरी ठेवणारा माणूस बी पाहिजे. त्यानी जाहिरात द्या.

चाळीसगाव_पॅसेंजर
मी विरोधात लिहितोय, राग मानू नका.

माझ्या भाच्याला गेल्या वर्षी गल्लीतल्या कुत्र्याने पोटरीला धरलं. सहा वर्षांचं पोर. लस, इंजेक्शनं, रात्री दचकून उठणं, सगळं घरात पाहिलंय. आणि इथे सगळे "आणा, आणा". ज्या जनावराचं मागचं आयुष्य माहीत नाही, जे गाडीखाली येऊन माणसाला घाबरलेलं असू शकतं, ते घरात आणायचं आणि वर म्हातारी माणसं घरात एकटी. सासूबाईंना धक्का लागून पडल्या तर? खुब्याचं हाड मोडलं की काय होतं ते ज्यांच्या घरी झालंय त्यांना विचारा.

कुत्र्यांचा विषय सुप्रीम कोर्टापर्यंत गेला तो उगाच नाही.

अमळनेरची_पुण्यात
भाच्याचं वाचून वाईट वाटलं, दादा. तुमचा राग समजू शकते. पण सुप्रीम कोर्टाचं नाव घेतलंत म्हणून सांगते. दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात कोर्टाने म्हटलं की नसबंदी आणि लस करून कुत्री जिथून उचलली तिथेच सोडा, फक्त रेबीज झालेली किंवा अंगावर येणारी सोडू नका. आणि त्याच आदेशात प्राणिप्रेमींना दत्तक घ्यायला वाव दिला, अट एवढीच की घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. म्हणजे ताई जे करू पाहताहेत त्याने रस्त्यावरचं एक कुत्रं कमीच होणार.

चाळीसगाव_पॅसेंजर
कमी होणार हे कबूल. "पुन्हा रस्त्यावर येता कामा नये" हे वाक्य मात्र ताईंनी फ्रिजवर चिकटवावं. आमच्या गल्लीतली निम्मी कुत्री अशीच कोणीतरी हौसेने पाळलेली आणि बदली झाली म्हणून सोडून दिलेली आहेत. त्यात एक पगही आहे. त्याला बघून तर कीवच येते, धड पळताही येत नाही.

निवृत्त_पशुधन
पॅसेंजर यांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. रेबीज एकदा लक्षणांवर आला की माणूस काय, जनावर काय, वाचत नाही. म्हणून कुत्री आणायच्या आधी लसीचं कार्ड प्रत्यक्ष बघायचं, तारीख आणि लसीचं स्टिकर बघायचं, आणि पुढे दरवर्षी लस. नसबंदीच्या मोहिमेतली असेल तर कानाला खाच असते, तीही बघा. आणि कोणतंही कुत्रं, घरचं असो की दारचं, चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट दवाखाना. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. अजूनही खेड्यात मिरची भरतात, मी पाहिलंय.

केळीबाग_रावेर
आमच्या मळ्यात चार आहेत. एकही आणलेलं नाही, आपापली आली. बिबट्याच्या भीतीनं रात्री ती आत शेडमध्ये असतात आणि राखण आम्ही करतो.

तीन पायांचं म्हणाल तर आमच्या चारांत एक तसंच आहे. मागचा पाय नाही. बाकी तिघांच्या पुढे पळते. पुढचा पाय नसता तर जास्त अवघड गेलं असतं, कारण कुत्र्याचा निम्म्याहून जास्त भार पुढच्या पायांवर असतो. मागचा नसला तर निभतं. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या: वजन वाढू द्यायचं नाही, आणि गुळगुळीत फरशी नको. माझं म्हणणं, मालकांना सांगा की लोक काय म्हणतील ते तांबडीला पळताना बघून मग म्हणतील.

गिरणाकाठची
सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देते.

निवृत्त काका, तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. चिंगीच्या कानात आणि बोटांच्या मधे गोचिड्या होत्या. आम्ही उपटून रॉकेलमध्ये टाकायचो. बंटीच्या अंगावर मला दिसल्या नाहीत, पण केस दाट आहेत. उद्या दवाखान्यात नेते.

अमळनेरची, दुसरं कुत्रं दिसलं की बंटी शेपूट हलवतो. उठत नाही, पण हलवतो.

पॅसेंजर दादा, सासूबाईंचा मुद्दा मला रात्रभर छळत होता, तुम्ही बोलून दाखवलात ते बरंच झालं. घरात लहान मूल नाही, पण त्या आहेतच.

आणि मालकांना केळीबाग यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. "हं" म्हणाले. आमच्या घरात "हं" म्हणजे पन्नास टक्के.

वरणबट्टी
गोचिडी रॉकेलमध्ये टाकणं हा खानदेशी बालपणाचा अविभाज्य भाग आहे. डबी कोणाची भरली यावर आमच्या पैजा लागायच्या.

निवृत्त_पशुधन
डबी भरली तरी घर भरलेलंच राहतं. कुत्र्यावरची तांबूस गोचीड पोट भरलं की खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत, खाटेच्या सांध्यात, फोटोच्या मागे हजारोंनी अंडी घालते. आपल्या उन्हाळ्यात त्यांची चैन असते. म्हणून फक्त कुत्र्याला औषध लावून भागत नाही. भिंती खालपासून वरपर्यंत बघा.

उंबरठा_नाशिक
मी मूळची शिरपूरची, आता नाशकात. सोडवलेली कुत्री कायमचं घर मिळेपर्यंत घरी ठेवते, त्यामुळे आमच्या घरात येणं-जाणं चालूच असतं. दोन कुत्र्यांची ओळख कशी करून द्यायची यावर लिहिते. बहुतेक घरी हे पहिल्या तासात बिघडतं.

लोक काय करतात? नवं कुत्रं रिक्षातून आणतात आणि सरळ बैठकीत सोडतात. जुन्याच्या नजरेने बघा: त्याचं घर, त्याची ताटली, त्याची माणसं, आणि एक अनोळखी पाहुणी थेट देवघरापर्यंत. तो गुरगुरला की आपण त्यालाच ओरडतो. पाहुणी आली की ओरडा बसतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं.

त्यापेक्षा बाहेर भेटवा, दोघांपैकी कोणाचीच नाही अशा जागी. जळगावात असाल तर सकाळी लवकर मेहरूण तलावाकडे न्या. दोन माणसं, दोन पट्टे, मधे भरपूर अंतर, आणि समोरासमोर न आणता एकाच दिशेने चालायचं. नुसतं चालायचं, बोलायचंही नाही फारसं. अंतर हळूहळू आपोआप कमी होतं. नाकाला नाक लावणं ही माणसांची घाई असते, कुत्री मागून वास घेतात आणि त्यांना ते पुरतं. पट्टा ताणून धरू नका, ताणलेला पट्टा बघून कुत्रंही ताठ होतं.

असं काही वेळा झालं आणि दोघं एकमेकांकडे दुर्लक्ष करायला लागली की समजा जमलं. हो, दुर्लक्षच हवंय. पहिल्याच दिवशी खेळायला लागली तर छान, पण तशी अपेक्षा नको.

घरी आणल्यावर ताटल्या वेगळ्या खोल्यांत. खाऊन झालं की उचलायच्या. चघळायचं हाड, आवडतं खेळणं पहिले काही दिवस कपाटात. रात्री वेगळं, आपण घरात नसताना वेगळं. आणि नवी कुत्री पहिल्या दोन-तीन दिवसांत जशी दिसते तशी ती नसते. घाबरून गप्प असते. खरा स्वभाव काही आठवड्यांनी बाहेर येतो, रुळायला तीनेक महिने जातात.

एक मात्र नेहमी विचारते, तुम्हालाही विचारते ताई. बंटीला ती आवडलीच नाही, दोघं आयुष्यभर घराच्या दोन टोकांना राहिली, तरी तांबडी तुम्हाला हवी आहे का? उत्तर "नाही" असेल तर आणू नका. औषध म्हणून आणलेली कुत्री औषध लागू पडलं नाही की परत येते. माझ्याकडेच येते, म्हणून माहीत आहे.

पांझराकाठ
हा शेवटचा प्रश्न आम्हाला तेव्हा कोणी विचारला असता तर!

खळ्यातला_खंड्या
ताटल्या येगळ्या खोल्यांमा ठेवाले आधी दोन खोल्या पाहिजेत. आमना धाब्याना घर मा एकच लांब खोली, तिच्यामाच बैल बी.

वरणबट्टी
दोन कुत्री आणि एक कूलर, यावर कोणी बोलत नाहीये. भुसावळात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा आमच्या घरी कूलरसमोरची जागा वयाने ठरते: आजोबा, मग कुत्रा, मग जावई.

केळीबाग_रावेर
जावई कुत्र्याच्या मागे?

वरणबट्टी
कुत्रा जुना आहे.

उंबरठा_नाशिक
हसण्यावर नेऊ नका, जागेवरून भांडणं होतात. दोन पाण्याची भांडी, दोन थंड जागा. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करावं लागतं. जाड लॅबला तर ऊन फारच बाधतं. खानदेशातल्या उन्हाळ्यात फिरवणं सकाळी सातच्या आत, नाहीतर रात्रीच. डांबरावर तुमचा हात टेकवून बघा, टिकला तर कुत्र्याचा पाय टिकेल.

जामनेरची_मांजरवाली
खाण्याचं कोणी बोललं नाही. पाहुणे आले की शेवभाजीचा रस्सा उरतो आणि "दे रे बंटीला" होतं. कांदा आणि लसूण कुत्र्याला चालत नाही, रक्तातल्या पेशी फुटतात. भरीतही नको, त्यात पातीचा कांदा असतो. द्राक्षं, मनुका तर अजिबात नको. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य कुत्र्याला देतात, तेव्हा रोडगा द्या, भरीत तुम्ही खा. खंडोबा रागावणार नाही.

खळ्यातला_खंड्या
आन् कानबाईना सणना परसादना रोट? रोट भाऊबंदकीबाहेर देत नहीत. मग घरना कुत्रा भाऊबंद शे का नही?

वरणबट्टी
आमच्या भाऊबंदांपेक्षा कुत्रा बरा. बांधावरून वाद घालत नाही.

अमळनेरची_पुण्यात
आमच्याकडे आजीने हा प्रश्न सोडवलाय. रोटाचं पीठ मळताना जे खाली सांडतं ते कुत्र्याचं. नियमही मोडत नाही, कुत्राही उपाशी राहत नाही. आजी वकील व्हायला हवी होती.

गिरणाकाठची
मंडळी, रिपोर्ट आला. निवृत्त काका, तुमच्या पायावर डोकं ठेवायचं राहिलंय. प्लेटलेट खूप खाली. गोचीड ताप, एर्लिकिया म्हणाले. अंगात तापही निघाला. गोळ्या महिनाभर द्यायच्यात, मधे थांबवायच्या नाहीत म्हणून बजावलंय. कंबरेचा एक्स-रे काढला, तिथे सुरुवात आहे, वजन उतरवायला सांगितलंय.

मी त्याला दुःखी समजून रोज मांडीवर डोकं घेऊन बसत होते आणि त्याला ताप होता. घरात सगळ्यांचे चेहरे उतरलेत. सासूबाई काल स्वतः भिंतीवरचे फोटो उतरवून मागे बॅटरी मारून बघत होत्या.

आता तांबडीचं काय करायचं?

चाळीसगाव_पॅसेंजर
आता तर गरजच संपली. आजार होता, बरा होईल.

पांझराकाठ
गरज संपली असं मला नाही वाटत. दोन्ही असू शकतं, ताप आणि एकटेपणा. पण आत्ता नको. घरात गोचीड असताना नवं जनावर आणणं म्हणजे तिलाही तोच प्रसाद.

निवृत्त_पशुधन
पांझराकाठ बरोबर बोलले. आधी बंटीचं औषध पूर्ण, रक्त पुन्हा तपासा, घराची फवारणी. तांबडीचीही रक्ततपासणी करून घ्या, रस्त्यावरच्या कुत्र्यात गोचीड ताप सर्रास असतो. डिस्टेंपर-पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजारांची लस झालीय का तेही विचारा. लोक रेबीजची करतात आणि ही विसरतात. आजारी कुत्र्यावर नव्या ओळखीचा ताण नको. महिनाभराने काही बिघडत नाही.

उंबरठा_नाशिक
आणि या महिन्यात ती ताई तांबडीला घेऊन बाहेर भेटायला येऊ शकते. बंटीला बरं वाटलं की, त्याच्या चालीने. अंगावर गोचीड नाही एवढं बघून.

केळीबाग_रावेर
उंबरठा ताईंच्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही अजून. बंटी बाजूला ठेवला तर तांबडी हवी का?

गिरणाकाठची
उत्तर द्यायला वेळ घेतला. मी त्या ताईंकडे शाळा सुटल्यावर जाऊन बसायला लागले, बंटीशिवाय. तांबडी पहिल्यांदा लांबच राहिली. मग बॅगेचा वास घेतला, डबा काढून पळवला. झाकण लागलेला, उघडता आला नाही, तरी परत देईना. मला हसू आलं. हवी आहे. बंटीला आवडो न आवडो.

वरणबट्टी
हेच मी पहिल्याच प्रतिसादात म्हणालो होतो. लोक ऐकत नाहीत.

जामनेरची_मांजरवाली
फवारणी करताना घरात किंवा शेजारी मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक वापरू नका, मांजर मरतं. कुत्र्याला चालणारं औषध मांजराला चालेलच असं नाही. आणि मी मांजर आणा म्हणत नाहीये यावेळी, नोंद घ्यावी.

गिरणाकाठची
बऱ्याच दिवसांनी लिहितेय, शाळेच्या परीक्षा होत्या.

बंटीचं औषध पूर्ण झालं, रक्त बरं आलं. जेवण आधीच परत आलं होतं, तांबडी यायच्या आधीच, हे मुद्दाम लिहिते म्हणजे पुढे कोणी हा धागा वाचून "दुसरी आणली आणि पहिला बरा झाला" असं समजायला नको. कुरियरवाला पुन्हा शिव्या खातोय.

तलावाकडे चालणं झालं. पहिल्या वेळी बंटीने तिच्याकडे बघितलंही नाही, झाडाचे वास घेत बसला. नंतर एकदा ती पुढे गेली तर हा थांबून राहिला, ती परत येईपर्यंत. मग घरी आणली. सध्या उन्हाळ्यापुरती म्हणून आणली आहे असं घरात सांगितलंय. मालक म्हणाले, कोणत्या उन्हाळ्यापुरती ते लिहून दे.

दोघांचं फार सख्य नाही. एका वेळी एकाच खोलीत झोपतात, पण पाठ करून. तिने एकदा त्याच्या ताटलीत तोंड घातलं, तो गुरगुरला, ती मागे सरकली, तेवढंच. आता जेवण दोन खोल्यांत. सासूबाईंच्या पायात येऊ नये म्हणून त्या स्वयंपाकघरात असताना दारात लहान मुलांचं फाटक लावतो. पॅसेंजर दादा, हे तुमच्यामुळे. रविवारी वरण-बट्टी केली होती, तर तांबडीने फाटकाखालून पाय घालून एक बट्टी ओढली. सासूबाई म्हणाल्या, तीन पायांत एवढं करते, चार असते तर पातेलंच नेलं असतं. मग दुसरी त्यांनीच तूप न लावता दिली.

एक अडचण आहे. आमच्या टाइल्स गुळगुळीत आहेत आणि तिचा मागचा एकच पाय घसरतो. बंटीच्या कंबरेलाही ते चांगलं नाही. काय टाकावं?

चाळीसगाव_पॅसेंजर
फाटक लावलंत ते बरं केलंत. माझं मत बदललेलं नाही, पण तुमच्या घरापुरतं ठीक आहे.

केळीबाग_रावेर
टाइल्सवर नुसती सतरंजी टाकू नका, तीच घसरते. खाली रबराची जाळी मिळते ती टाका, वर जाड चटई. सगळ्या घरात नको, तिच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर पट्टा टाका. आणि पंजांच्या मधले केस बारीक ठेवा, दोघांचेही.

निवृत्त_पशुधन
चटई टाका, पण आठवड्याला उचलून उन्हात घाला आणि खालची फरशी झाडा. चटईच्या कडा म्हणजे गोचिडीचं माहेर. भिंतींची फवारणी पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा करा, आतली अंडी पहिल्या फवारणीत मरत नाहीत. औषध वाळेपर्यंत दोघांनाही गच्चीवर ठेवा, सावली आणि पाणी बघून.

खळ्यातला_खंड्या
काका, गच्ची तापेल तर? रातले फवारा.

निवृत्त_पशुधन
बरोबर. संध्याकाळी फवारा.